एक एकर ठिबक + ईएसपी३२: एआयकडून आराखडा करून घेताना काय द्यायचं, काय तपासायचं

वाफसा

ठिबकचा आराखडा, सामानाची यादी आणि व्हॉल्व्ह चालवणाऱ्या ईएसपी३२ (वायफाय असलेला, प्रोग्राम करता येणारा छोटा) बोर्डाचा कोड एआयकडून कसा करून घ्यावा, हा प्रश्न तीनचार धाग्यांत अर्धवट चर्चिला गेलाय. सगळं एका ठिकाणी यावं म्हणून हा धागा. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी यांपैकी काहीही वापरा, खाली लिहिलेलं सगळ्यांना लागू आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरू. रान ८० मीटर बाय ५० मीटर, म्हणजे जवळजवळ एक एकर. टोमॅटो, दोन ओळींत दीड मीटर. बोअरवेल, सबमर्सिबल पंप.

"माझ्या एक एकर टोमॅटोसाठी ठिबकचा प्लॅन दे" असं लिहिलंत तर एआय पानभर सुबक प्लॅन देतो आणि त्यातला प्रत्येक आकडा त्याने मनाने धरलेला असतो. पंप पाच एचपी धरतो, पाणी मुबलक धरतो, रान सपाट धरतो, आणि हे धरलंय असं सांगतही नाही. त्यामुळे पहिला संदेश असा असावा:

"मी खाली फक्त मोजलेल्या गोष्टी देतोय. आराखडा लगेच देऊ नकोस. आधी तुला कोणती मापं कमी पडतायत ते विचार, एका वेळी पाचपेक्षा जास्त प्रश्न नकोत. पुढे तू जो आकडा वापरशील त्यापुढे 'मोजलेला', 'गृहीत' किंवा 'मोजायचा बाकी' असं लिही. आकडेमोड शब्दांत करू नकोस, पायथनमध्ये लिही आणि चालवून दाखव."

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. भाषेतून आकडेमोड करताना हे मॉडेल अधूनमधून चुकतं, आणि चुकीचं उत्तरही त्याच ठाम सुरात येतं. स्क्रिप्ट असेल तर सूत्र दिसतं, आकडे बदलून पुन्हा चालवता येतं.

बसण्याआधी रानातून आणायची मापं: लांबी-रुंदी टेपने, चारही कोपऱ्यांची उंची लेव्हल ट्यूबने, पाण्याचा सामू आणि क्षारता तपासणी अहवालातून, वीज येण्याच्या वेळा, आणि पंपाचं पाणी. त्यातलं पंपाचं पाणी बहुतेक ठिकाणी चुकीचं मोजलं जातं, त्यावर जाणकारांनी लिहावं.

---

गाळणी

पंपाचं पाणी उघड्या पाइपाखाली ड्रम लावून मोजलं की आकडा फुगतो. ठिबक चालताना पंपाला गाळणीचा, पाइपाचा आणि ड्रिपरचा दाब ओलांडायचा असतो, तेव्हा तो तेवढं पाणी देत नाही. म्हणून डिलिव्हरीला गेज लावा, व्हॉल्व्ह हळूहळू आवळत गेजवर दोन किलो (प्रति चौ. सेंमी) दाब आणा आणि मगच २०० लिटरचा ड्रम भरायला किती सेकंद लागतात ते घ्या. तीनदा मोजून सरासरी काढा. ७० सेकंद लागले तर २.८६ लिटर प्रति सेकंद, म्हणजे तासाला १०,२८६ लिटर.

आता वाफसा यांच्या उदाहरणात हा आकडा घालून बघू. ५० मीटरमध्ये दीड मीटरवर ३३ ओळी. ३३ गुणिले ८०, म्हणजे २,६४० मीटर इनलाइन (आतच ड्रिपर बसवलेली) नळी. ४० सेंमीवर ड्रिपर, म्हणजे ६,६०० ड्रिपर.

तासाला ४ लिटरचे ड्रिपर घेतले तर एकूण २६,४०० लिटर लागतात. पंप देतो १०,२८६. तीन भाग करावे लागतील. २ लिटरचे घेतले तर १३,२०० लिटर, दोन भागांत काम होतं आणि प्रत्येक भागाला साधारण ६,६०० लिटर. एआयला पंपाचा आकडा दिला नाही तर तो ४ लिटरचे ड्रिपर आणि अख्खं रान एका व्हॉल्व्हवर काढतो. कागदावर ते छान दिसतं. रानात शेवटच्या ओळी कोरड्या राहतात.

दोन भागांत पंपाचं उरलेलं पाणी कुठं जाणार हेही विचारून घ्या. हेडवर (पंप-गाळणीच्या जागी) जादा पाणी बाजूला काढणारा बायपास हवा. तो बहुतेक वेळा यादीतून सुटतो.

आणखी एक. "अडीच इंची पाइप" असं लिहिलं की एआय २.५ ला २५.४ ने गुणून ६३ मिमी करतो. दुकानात ६३ मिमी म्हणजे दोन इंची, ७५ म्हणजे अडीच इंची आणि ९० म्हणजे तीन इंची. पीव्हीसीचं मिमी माप बाहेरच्या व्यासाचं असतं, इंची नाव जुन्या आतल्या मापावरून आलेलं. हा घोळ यादीत शिरला की सबमेन (ठिबक नळ्यांना पाणी देणारा जाड पाइप) एका मापाची आणि फिटिंग दुसऱ्या मापाची येते. त्यामुळे संदेशात सगळी मापं मिमीतच लिहा, दाब "मीटर हेड" मध्ये द्या (एक किलो म्हणजे दहा मीटर धरा) आणि क्षेत्र चौरस मीटरमध्ये. गुंठा लिहायचाच असेल तर "१ गुंठा = १०१ चौ. मी." हे सोबत लिहा.

---

हेड_लॉस

गाळणी यांच्या आकड्यांना जोडून, नळीची लांबी. इथे एआयचा प्लॅन हमखास मार खातो.

सबमेन रानाच्या एका कडेला टाकली तर प्रत्येक नळी ८० मीटर. मधोमध टाकली तर दोन्ही बाजूंना ४०-४०. एआयला पाइप वाचवायला सांगितलं की तो सबमेन कडेला नेतो, कारण विहीर किंवा बोअर कडेला असते आणि मेन लाइन तेवढी कमी लागते. आता हेझन-विल्यम्सच्या सूत्राने घर्षण (नळीत वाया जाणारा दाब) काढू. १६ मिमी नळीचा आतला व्यास १३.८ मिमी धरला, सी (नळीच्या गुळगुळीतपणाचा आकडा) १४०, आणि वाटेत पाणी गळत जातं म्हणून ०.३५ चा गुणक:

४० मीटर, २ लिटरचे १०० ड्रिपर: घर्षण ०.२४ मीटर.
८० मीटर, २ लिटरचे २०० ड्रिपर: १.७ मीटर.
८० मीटर, ४ लिटरचे २०० ड्रिपर: ६.२ मीटर.

दाब सुरुवातीला १० मीटर असेल तर तिसऱ्या रचनेत शेपटाला जेमतेम ३.८ मीटर उरतात. साध्या ड्रिपरचं पाणी दाबाच्या वर्गमुळाने बदलतं, म्हणजे ४ लिटरचा ड्रिपर तिथे अडीच लिटरच्या आसपास सोडणार. शेवटचे ड्रिपर कमी सोडतात तसं घर्षणही कमी होतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून थोडा बरा येईल, पण रचना टाकाऊच. दुसरी रचना काठावर आहे: दाबात १७ टक्के फरक, पाण्यात नऊ टक्क्यांच्या आसपास. रान शेपटाकडे चढतं असेल तर तीही नको. पहिली डोळे झाकून घ्या.

एआयला सांगायचं वाक्य: "सबमेन कडेला आणि मधोमध अशा दोन्ही रचनांचं नळीतलं घर्षण स्क्रिप्टने काढ, पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरच्या पाण्यातला फरक टक्क्यांत दे, दहा टक्क्यांवर गेला तर रचना नाकार." अट आकड्यात दिली की उत्तर झटकन सुधारतं. "चांगली रचना दे" म्हटलं की काहीच सुधारत नाही.

---

वाफसा

हे फार उपयोगी आहे. सामानाच्या यादीबद्दलही कोणीतरी लिहा. तिथे चूक झाली की तालुक्याला पुन्हा खेप.

---

गाळणी

यादी एआयकडून दोनदा करून घ्यायची. पहिल्यांदा आराखड्यावरून. मग नवीन चॅट उघडून फक्त ती यादी द्यायची आणि विचारायचं: "या यादीतून शेतात पाणी उभं करायला काय कमी पडतंय? बोअरपासून शेवटच्या ड्रिपरपर्यंत पाण्याबरोबर चालत जा आणि प्रत्येक जोडावर कोणता नग लागतो ते सांग." जुन्या चॅटमध्ये विचारलं तर तो स्वतःच्या यादीला राखतो.

सबमेन मधोमध असेल तर ३३ ओळींना दोन्ही बाजू मिळून ६६ ग्रोमेट (सबमेनच्या भोकात बसणारं रबर), ६६ टेक-ऑफ (त्यात बसून नळी जोडणारा तुकडा) आणि ६६ एंड कॅप लागतात. एआय सर्रास ३३ लिहितो, कारण तो ओळी मोजतो, नळ्या नाही. वर पाच-सात टक्के जादा घ्या, भोक पाडताना ग्रोमेट वाया जातातच. ड्रिल बिट ग्रोमेटच्या मापाचंच हवं. सुटणारे नग: एअर व्हॉल्व्ह, सबमेनच्या दोन्ही टोकांना फ्लश व्हॉल्व्ह, एनआरव्ही (पाणी उलटं न येऊ देणारा व्हॉल्व्ह), गाळणीच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन गेज.

गाळणी पाण्याप्रमाणे. बोअरला स्क्रीन किंवा डिस्क, १२० मेश. शेततळं किंवा उघडी विहीर असेल तर शेवाळ येतं, तिथे आधी सँड फिल्टर आणि मग स्क्रीन. एआयला "पाण्याचा स्रोत" सांगितला नाही तर तो सगळ्यांना स्क्रीन फिल्टरच देतो. दोन गेजमधला फरक अर्ध्या किलोवर गेला की धुवायचं.

मानांकनाचे क्रमांकही जुळवून बघा. इनलाइन नळीला आयएस १३४८८, सुट्या ड्रिपरला १३४८७, साध्या लॅटरलला (ड्रिपर नसलेल्या नळीला) १२७८६, पीव्हीसीला ४९८५. एआय हे आपसात बदलून लिहितो आणि तुम्ही तेच कोटेशनमध्ये मागता.

अनुदान घ्यायचं असेल तर एआयकडून टक्केवारी विचारू नका, त्याची माहिती जुनी असू शकते. महाडीबीटीवर अर्ज, पूर्वसंमती, मग खरेदी, हाच क्रम. पूर्वसंमतीआधीच्या बिलावर अनुदान मिळत नाही. एआयने दिलेल्या कामांच्या वेळापत्रकात "आठवडा १: साहित्य खरेदी" असेल तर ते तिथेच दुरुस्त करा.

---

तीन_फेज

मुळात ईएसपी३२ कशाला? दोन स्टेशनचा तयार टायमर मिळतो. एआयने लिहिलेल्या कोडवर उभं पीक सोडणं मला पटत नाही. टायमर बिघडला तर दुकानदार तरी बदलून देतो.

---

सोल्डरगन

पटण्यासारखं आहे, आणि वीज चोवीस तास असेल तर टायमरच घ्यावा. अडचण विजेची आहे. शेतीच्या फीडरला थ्री-फेज पाळीने येते, मधे जाते, कधी आठवडाभर रात्रीची असते. साधा टायमर "सकाळी सहा ते साडेसात" एवढंच जाणतो. साडेसहाला लाइट गेली तर राहिलेला तास गेलाच.

इथे लागणारा हिशेब वेगळा. २ लिटरचा ड्रिपर ०.४ गुणिले १.५, म्हणजे ०.६ चौ. मी. भिजवतो, तासाला ३.३३ मिमी. पिकाला दिवसाला ५ मिमी हवं आणि कार्यक्षमता ९० टक्के धरली तर एका भागाला १ तास ४० मिनिटं, दोन्ही मिळून ३ तास २० मिनिटं. बोर्डाने "किती वाजले" यापेक्षा "आज या भागाची किती मिनिटं झाली" हे लक्षात ठेवायचं आणि वीज आली की उरलेली पुरी करायची.

एआयला हे स्पष्ट सांगितलं नाही तर तो शहरातल्या बागेचा कोड देतो: ठरावीक वेळ, वायफायवरून घड्याळ, वीज कायम. सांगताना कोड मागू नका, आधी अवस्था मागा: "बंद, व्हॉल्व्ह उघडतोय, पंप सुरू, भाग बदलतोय, पंप थांबतोय, बिघाड. प्रत्येक अवस्थेत वीज गेली तर परत आल्यावर काय व्हावं याचा तक्ता दे." तक्ता वाचून पटला की मग कोड. तक्त्यात चूक सापडते, चारशे ओळींच्या कोडमध्ये सापडत नाही.

तक्त्यात या गोष्टी असल्याच पाहिजेत. आधी व्हॉल्व्ह उघडा, दहा सेकंदांनी पंप. बंद करताना आधी पंप, मग व्हॉल्व्ह. भाग बदलताना दुसरा व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय पहिला मिटायचा नाही, नाहीतर बंद तोंडावर पंप दाब मारतो. झालेली मिनिटं बोर्डाच्या कायम मेमरीत दर पाच मिनिटांनी लिहा. एआय दर सेकंदाला लिहिणारा कोड देतो, त्याने फ्लॅश झिजते. आणि घड्याळासाठी बॅटरीवर चालणारं डीएस३२३१ मॉड्यूल घ्या, रानात नेटवर्कचा भरवसा नाही.

---

तीन_फेज

मिनिटांचा मुद्दा मान्य. मग माझ्याकडून विजेच्या अटी लिहून घ्या, त्या संदेशात शब्दशः टाका.

बोर्डाने मोटर थेट चालवायची नाही. रिलेचा (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचचा) कोरडा, म्हणजे स्वतःची वीज नसलेला संपर्क स्टार्टरच्या कंट्रोल सर्किटमध्ये, एवढंच. ओव्हरलोड, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर थांबवणारा) आणि ड्राय-रन (पाण्याविना चालण्यापासून) संरक्षण स्टार्टर पॅनेलमध्येच राहील, कोडमध्ये नाही. कोड अडकला तरी मोटर वाचली पाहिजे. जुना ऑटो स्विच जोडलेला असेल तर वीज येताच तो बोर्डाची वाट न बघता मोटर सुरू करतो, व्हॉल्व्ह मिटलेलेच असतात. म्हणून ऑटो स्विच काढायचा किंवा बोर्डाच्या संपर्काशी सीरिजमध्ये घ्यायचा. एआयला तुमच्या पॅनेलमध्ये ऑटो स्विच आहे हे माहीतच नसतं. ४१५ व्होल्टच्या बाजूचं काम परवानाधारक वायरमनकडूनच, एआयची वायरिंग आकृती तिथे वापरायची नाही.

---

सोल्डरगन

सगळं मान्य. आता बोर्डाच्या बाजूच्या त्या चुका, ज्या एआयच्या आकृतीत मला सगळ्यात जास्त दिसतात.

पिना: ३४ ते ३९ या फक्त इनपुट आहेत, रिले लावला तर हलणारही नाही. ६ ते ११ आतल्या फ्लॅशला जोडलेल्या असतात. १२ नंबर सुरू होताना वर ओढला गेला तर बोर्ड बूट होत नाही. रिलेसाठी २५, २६, २७, ३२, ३३ निवांत वापरा. मातीच्या ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर मात्र २५-२६-२७ वर नको, कारण तिथला एडीसी (सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात वाचणारा भाग) वायफाय चालू असताना रीडिंग देत नाही. सेन्सरला ३२ ते ३९ पैकीच पिन द्या. म्हणजे ३२-३३ सेन्सरसाठी राखून ठेवलेल्या बऱ्या.

बाजारातलं बरंचसं रिले मॉड्यूल लो सिग्नलवर ओढतं. एआय ते उलट धरतो, मग बोर्ड सुरू होताना दोन्ही व्हॉल्व्ह एकदम टकटक करतात. कोडमध्ये पिनवर आधी हाय लिहा आणि मग तिला आउटपुट करा, हा क्रम त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या.

आता सगळ्यात घातक चूक. शेतातले सोलेनॉइड व्हॉल्व्ह बहुधा २४ व्होल्ट एसीचे असतात. एआय सवयीने प्रत्येक कॉइलवर १एन४००७ डायोड आडवा लावायला सांगतो. डीसी कॉइलला ते बरोबर. एसीवर तो डायोड अर्ध्या सायकलला सरळ शॉर्ट करतो, डायोड जळतो किंवा ट्रान्सफॉर्मर तापतो. एसी कॉइलला एमओव्ही किंवा आरसी स्नबर (दोन्ही व्होल्टेजचा झटका शोषणारे भाग) लावायचा.

त्याच्या जोडीची चूक म्हणजे त्याच २४ व्होल्ट एसीवरून ब्रिज (एसीचं डीसी करणारा) आणि एलएम२५९६ (व्होल्टेज उतरवणारी चिप) लावून बोर्डाला पाच व्होल्ट. २४ एसी रेक्टिफाय झालं की शिखर ३४ व्होल्ट होतं, लाइन चढली आणि लोड नसला की ३७ पर्यंत. एलएम२५९६ ची कमाल ४० आहे. आकृतीत कपॅसिटर २५ व्होल्टचा लिहिलेला असतो, तो फुटणारच. बोर्डाला वेगळा ५ व्होल्ट २ अँपिअरचा एसएमपीएस (मोबाईल चार्जरसारखा पुरवठा) द्या, व्हॉल्व्हला वेगळा ४० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर.

कोड कंपाइल होत नसेल तर आधी आवृत्ती तपासा. आर्डुइनोचा ईएसपी३२ कोअर (बोर्डासाठीचं मूळ सॉफ्टवेअर) ३.० झाला तेव्हा टायमर, पीडब्ल्यूएम आणि वॉचडॉगची (कोड अडकला तर बोर्ड पुन्हा सुरू करणाऱ्या पहारेकऱ्याची) फंक्शनं बदलली. एआयने वाचलेली बहुतेक उदाहरणं २.० ची. वॉचडॉगच्या फंक्शनला पूर्वी सेकंद द्यायचे, आता मिलिसेकंदांसकट एक स्ट्रक्चर द्यावं लागतं, आणि वॉचडॉग आधीच सुरू असेल तर रीकॉन्फिगर करावं लागतं. पहिल्याच संदेशात कोअरची आणि प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती लिहा. वायफायचा पासवर्ड वेगळ्या फाईलमध्ये ठेवा, ती फाईल चॅटमध्ये चिकटवू नका.

आणि रानात न्यायच्या आधी टेबलावर पंपाच्या जागी बल्ब लावून सात दिवसांचं वेळापत्रक सात तासांत पळवा. मधे दहा-बारा वेळा प्लग उपटा. प्रत्येक वेळी मिनिटं जुळली पाहिजेत.

---

नवी_फांदी

खतांचं वेळापत्रक पण एआयकडून केलं तर चालेल का? त्याने आठवड्याचा तक्ता दिलाय, एकाच टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० (फॉस्फेटचं विद्राव्य खत) दोन्ही दाखवलंय.

---

गाळणी

तो तक्ता वापरू नका. कॅल्शियम फॉस्फेटबरोबर आणि सल्फेटबरोबर साका धरतं. टाकीत पांढरं दही बसतं आणि तेच ड्रिपरमध्ये जातं. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या दिवशी, वेगळ्या टाकीत. त्याच्यासोबत १२:६१:००, ००:५२:३४, १९:१९:१९ नको आणि मॅग्नेशियम सल्फेटही नको. एआयला "कोणती दोन खतं एकत्र चालत नाहीत याचा तक्ता आधी दे, मग त्या अटीत वेळापत्रक बसव" असं म्हटलं तर तो बहुधा बरोबर बसवतो. माहिती त्याच्याकडे असते, विचारल्याशिवाय तो ती लावत नाही. मात्रा मात्र माती परीक्षण आणि कृषी विद्यापीठाच्या शिफारशीवरूनच घ्या.

नळ्या धुण्याच्या बाबतीत आणखी कडक राहा. आम्लप्रक्रिया आणि क्लोरीनप्रक्रिया कधीही एकत्र किंवा पाठोपाठ त्याच टाकीत नको, क्लोरीन वायू सुटतो. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. एआयच्या देखभाल यादीत या दोन्ही गोष्टी एकाच रविवारी लिहिलेल्या दिसल्या तर लगेच वेगळ्या करा.

---

हेड_लॉस

उभारणीनंतरची तपासणी राहिली. एका भागातल्या चार नळ्या निवडा: सबमेनची पहिली, शेवटची आणि मधल्या दोन. प्रत्येकीवर चार ड्रिपर: तोंडाचा, एक तृतीयांशावरचा, दोन तृतीयांशावरचा, शेपटाचा. सोळा ड्रिपरखाली जमीन थोडी उकरून डबे ठेवा, तीन मिनिटं पाणी धरा. २ लिटरच्या ड्रिपरला बरोबर १०० मिली यायला हवं. मोजपात्राने मोजा, अंदाजाने नको.

सोळापैकी सगळ्यात कमी चारांची सरासरी भागिले सगळ्यांची सरासरी. ९० टक्क्यांवर असेल तर उत्तम, ८० च्या खाली असेल तर कारण शोधा. इथे एआय खरोखर कामाला येतो, पण त्याला "शेपटाला पाणी कमी येतंय" असं सांगू नका, तो तुमच्याच म्हणण्याला धरून कारणं रचतो. सोळा आकडे, नळी आणि जागेच्या क्रमाने, तक्त्यात द्या, दोन्ही गेजचे दाब द्या आणि विचारा की आकड्यांची ठेवण कशी दिसते. सगळ्या नळ्यांची शेपटं कमी असतील तर घर्षण किंवा चढ. एकच नळी पूर्ण कमी असेल तर टेक-ऑफ किंवा नळीला पीळ. कुठेही विखुरलेले आकडे कमी असतील तर ड्रिपर तुंबलेत. सबमेनच्या एका टोकाच्या सगळ्या नळ्या कमी असतील तर त्या अंगाला गळती शोधा. सबमेन दीड ते दोन फुटांवर गाडलेली नसेल तर नांगराचा फाळ तिथूनच गेलेला असतो.

पाइप बुजवायच्या आधी ही तपासणी करा. चर उघडे असताना सबमेन आधी टोकाचे फ्लश व्हॉल्व्ह उघडून धुवा, मग नळ्यांच्या एंड कॅप काढून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. भोकं पाडलेला पीव्हीसीचा कीस पहिल्याच पाण्यात ड्रिपरमध्ये बसतो आणि मग सोळाच्या सोळा आकडे दिशाभूल करतात.

---

नवी_फांदी

धुतल्यानंतर किती वेळाने डबे ठेवायचे?

---

हेड_लॉस

कॅप लावा, पंप चालू ठेवून गेजचा काटा स्थिर होऊ द्या, आणखी दहा मिनिटं थांबा, मग डबे. नळीतली हवा तोवर बाहेर पडते. डबे लावताना नळीला हात लावून सरकवू नका. थेंब नळीच्या अंगावरून वाहत पुढच्या डब्याशेजारी पडत असेल तर ड्रिपरच्या दोन्ही बाजूंना सुतळीची गाठ मारा, म्हणजे पाणी तिथेच खाली उतरतं.